एका शिंजिराचं डेसिग्नेशन

आमच्या आयटीत माणूस तोच, काम तेच, खुर्चीसुद्धा तीच, पण दर दोन वर्षांनी डेसिग्नेशन बदलतं. कधी रीऑर्ग होऊन माणूस कुणाच्या तरी खाली जातो, कधी परत वर येतो. सह्याद्रीतल्या एका चिमुकल्या लाल पक्ष्याच्या बाबतीत गेल्या जवळजवळ दोनशे वर्षांत हेच झालंय. १८३२ मध्ये तो स्वतंत्र जात म्हणून रुजू झाला. विसाव्या शतकात त्याला एका मोठ्या, आशियाभर पसरलेल्या जातीची 'उपजात' करून टाकलं. २००५ मध्ये तो पुन्हा स्वतंत्र झाला. पक्ष्याला यातलं काहीच कळलं नाही. तो आपला घाटात फुलांतला मध पीत राहिला.

शास्त्रीय नाव इथोपायगा विगोर्सिआय. इंग्रजीत 'विगर्स सनबर्ड'. आपण त्याला लाल शिंजीर म्हणूया. अंगानं चिमणीहून लहान, चोच लांब आणि खाली वळलेली. नराचा गळा आणि छाती भडक किरमिजी, पाठ गडद लाल, डोक्यावर आणि शेपटीवर धातूसारखी हिरवी चमक, कंबरेशी पिवळा ठिपका, पोट काळपट राखाडी. आणि छातीच्या त्या लाल रंगावर बारीक पिवळ्या रेषा. या रेषा लक्षात ठेवा, त्यांच्यावरच पुढे बरंच काही ठरणार आहे. मादी नेहमीप्रमाणे मळकट हिरवी. (सगळी रंगरंगोटी नरांनी करायची, हा शिंजिरांकडचा रिवाज आहे.)

आता तुम्ही म्हणाल, नागपूरकराला सह्याद्रीच्या पक्ष्याचं काय पडलंय? आमच्याकडे तो नेहमीचा नाहीच. आमच्याकडे असतो जांभळा शिंजीर. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटला की सेमिनरी हिल्सवर, गोरेवाड्यात, अगदी बाल्कनीतल्या कुंडीवरसुद्धा त्याची किटकिट चालू असते. पण नागपूर या गोष्टीत येतं ते नकाशामुळे. पश्चिमेला सह्याद्रीत लाल शिंजीर. पूर्वेला आणि उत्तरेला, म्हणजे ओडिशा, बंगाल, हिमालयाचा पायथा आणि तिथून थेट आग्नेय आशियापर्यंत, त्याचा भाऊबंद 'क्रिमसन सनबर्ड', इथोपायगा सिपाराजा. या दोघांच्या सलग वस्तीमध्ये शेकडो किलोमीटरची जी मोकळी जागा आहे, तिच्यात आपण राहतो. आणि दोघं एक जात की दोन, हा सगळा वाद त्या मोकळ्या जागेमुळेच आहे.

पण आधी सुरुवातीपासून.

विल्यम हेन्री साइक्स हा मुंबईच्या फौजेतला अधिकारी. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला होता. १८२४ मध्ये मुंबई सरकारनं त्याला 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' नेमलं. काम काय, तर दख्खनची मोजदाद. माणसं, पिकं, जमीन, हवामान, बाजारभाव. आजच्या भाषेत डेटा कलेक्शन. हा गडी इतका हाडाचा मोजणारा निघाला की जाता जाता पक्षी, मासे, प्राणीसुद्धा मोजून टाकले. पुढे तो इंग्लंडात जाऊन ईस्ट इंडिया कंपनीचा डायरेक्टर झाला, खासदार झाला आणि लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीचा अध्यक्षही. १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या अंकात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून आली. दोनशेहून जास्त पक्षी, त्यातले कित्येक शास्त्राला नवे. आपल्या तळ्याकाठी पुतळ्यासारखा उभा असतो तो ढोकरी बगळासुद्धा शास्त्रात पहिल्यांदा नोंदला साइक्सनंच. आपल्या लाल शिंजिराचं बारसंही त्याच यादीतलं.

नाव दिलं निकोलस विगर्स या सोसायटीच्या पहिल्या सेक्रेटरीवरून. हा विगर्स भारी माणूस होता. तो 'क्विनेरियन' पंथाचा. म्हणजे काय, तर सगळ्या प्राणिसृष्टीची रचना पाच-पाचच्या वर्तुळांत आहे असं ही मंडळी मानायची. प्रत्येक गटात पाच उपगट, प्रत्येक उपगटात पुन्हा पाच, आणि सगळी वर्तुळं एकमेकांना टेकलेली. कुठे चारच सापडले तर पाचवा अजून सापडायचाय! आधी आर्किटेक्चर डायग्राम काढायची आणि मग डेटा तिच्यात कोंबायचा, ही सवय आमच्या धंद्यापेक्षा बरीच जुनी आहे तर. १८४० च्या सुमारास हा पंथ ओसरला, १८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक आलं आणि वर्तुळांची गरजच संपली. विगर्सची वर्तुळं गेली, त्याचं नाव मात्र या पक्ष्याला चिकटून राहिलं, कारण प्राणिशास्त्रात नियमाप्रमाणे दिलेलं सगळ्यात जुनं नाव सहसा बदलत नाहीत.

पूर्वेकडच्या भावाचं बारसं दहा वर्षं आधीच झालं होतं. सिंगापूर वसवणाऱ्या स्टॅम्फर्ड रॅफल्सनं १८२२ मध्ये सुमात्रातल्या नमुन्यांवरून. ही दहा वर्षं पुढे महागात पडली. कारण दोन नावं एकत्र करायची वेळ आली की जुनं नाव टिकतं आणि नवं त्याच्या पोटात जातं.

एकोणिसाव्या शतकात तशी वेळ आली नाही. जर्डनच्या १८६२-६४ च्या 'बर्ड्स ऑफ इंडिया'मध्ये आपला पक्षी स्वतंत्र आहे आणि त्याचं इंग्रजी नाव आहे 'व्हायोलेट-इअर्ड रेड हनीसकर'. तेव्हा शिंजिरांना सरसकट हनीसकर, म्हणजे मध चोखणारे, म्हणायचे. त्या काळी थोडा वेगळा दिसला की नवी जात, असा हिशोब होता. ओट्सनं 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या पहिल्या आवृत्तीत (१८८९-९०) दोन शब्दांचीच नावं ठेवली. गण आणि जात, बास. स्टुअर्ट बेकरनं १९२२ पासून दुसरी आवृत्ती काढली तेव्हा तीन शब्दांची नावं आली. तिसरा शब्द उपजातीचा. एकमेकांची जागा घेणारे, सारख्या ठेवणीचे, वेगवेगळ्या प्रदेशांतले पक्षी एका जातीखाली आणायची लाट युरोपातून आली होती. डेटाबेसवाले याला नॉर्मलायझेशन म्हणतील. एकाच गोष्टीच्या पन्नास नोंदी कशाला, एक मुख्य टेबल ठेवा आणि बाकी त्याचे प्रकार.

लाट वाईट नव्हती. तिच्यामुळे प्रचंड कचरा साफ झाला. पण अशा सफाईत कधी कधी खरी वेगळी नोंदही डुप्लिकेट म्हणून पुसली जाते. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्या हँडबुकचा दहावा खंड १९७४ मध्ये आला. त्यात आपला शिंजीर 'इथोपायगा सिपाराजा विगोर्सिआय' आहे. म्हणजे सुमात्राच्या पक्ष्याची सह्याद्री शाखा.

या एकत्रीकरणामागे एक व्याख्या होती आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती मांडली अर्न्स्ट मायरनं, १९४२ च्या आपल्या पुस्तकात. जात म्हणजे आपापसांत प्रत्यक्ष किंवा संभाव्य प्रजनन करणाऱ्या आणि इतरांपासून प्रजननानं तुटलेल्या समूहांचा गट. मायर हा बर्लिनच्या एर्विन श्ट्रेझमानचा चेला. आपले सालिम अली १९२९ मध्ये शिकायला गेले तेही याच श्ट्रेझमानकडे. म्हणजे दोघं गुरुबंधूच म्हणायचे. त्यामुळे बर्लिनचा हा विचार भारतीय पक्षिशास्त्रात आला तो काही आडवाटेनं नाही, घरातूनच आला.

व्याख्येतला कळीचा शब्द 'संभाव्य'. दोन समूह एकाच रानात राहत असतील तर प्रश्न सोपा. बघा, जोड्या जमतात का. जमत नसतील तर दोन जाती. पण एक सह्याद्रीत आणि दुसरा ओडिशात असेल तर? 'भेटले असते तर जमलं असतं का?' हा प्रश्न विचारायचा कुणाला? लग्न जमवणाऱ्या मावशींनासुद्धा आधी दोन्हीकडची मंडळी एका खोलीत लागतात.

आणि भेटले तरी उत्तर साधं येतं का? याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण न्यू गिनीत आहे आणि गंमत म्हणजे ते खुद्द मायरनंच तपासलंय. मायर १९२८ मध्ये तरुण वयात न्यू गिनीच्या डोंगरांत पक्षी गोळा करत हिंडला होता. (आपले रिप्लीसुद्धा १९३७-३८ च्या एका मोहिमेत त्या बेटावर जाऊन आले होते. त्या काळच्या पक्षिशास्त्राची ती पंढरीच.) तिथल्या उंच डोंगरांत 'हनीईटर' कुळातले मेलिडेक्टिस नावाचे पक्षी राहतात. हेही मध पिणारे, पण आपल्या शिंजिरापेक्षा बरेच दांडगे आणि भांडखोर आवाजाचे. त्यांतली एक जात बेलफर्डी, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड म्युझियमच्या डी व्हिसनं १८९० मध्ये नोंदलेली. ती डोंगराच्या वरच्या भागातली. दुसरी रुफोक्रिसालिस, पिवळ्या भुवयांची. ती खालच्या पट्ट्यातली. अपार्टमेंटसारखं आहे बघा, वरचे मजले याचे, खालचे त्याचे.

प्रश्न येतो मधल्या मजल्यावर. १९५२ मध्ये मायर आणि गिलियार्ड यांनी न्यू गिनीच्या हनीईटरमधल्या उंचीनुसार होणाऱ्या संकरावर 'द काँडॉर' या नियतकालिकात लेख लिहिला. दोघंही न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतले. त्यांना दिसलं की सगळ्या डोंगररांगांत एकच कहाणी नाही. काही ठिकाणी दोन्ही जाती आपापल्या उंचीवर नीट वेगळ्या आहेत. काही ठिकाणी दोघांच्या मधल्या ठेवणीचे पक्षी सापडतात, म्हणजे सरळ संकर. आणि काही डोंगरांवर तर एकच जात आहे, दुसरी पोचलेलीच नाही. तीच जोडी, तेच बेट, आणि डोंगर बदलला की उत्तर बदलतं.

मला यात आवडतो तो मायरचा प्रामाणिकपणा. 'आपापसांत प्रजनन होत नाही ते वेगळे' असं ज्यानं ठामपणे सांगितलं, त्यानंच दहा वर्षांनी आपल्या व्याख्येला त्रास देणारे पक्षी टेबलावर मांडले. आणि निष्कर्ष? आजच्या पक्षियाद्या बेलफर्डी आणि रुफोक्रिसालिस या दोन वेगळ्याच जाती मानतात. संकर होतो, पण त्यामुळे दोन्ही बाजू विरघळून एक होत नाहीत. वर गेलं की शुद्ध बेलफर्डी, खाली आलं की शुद्ध पिवळ्या भुवयांचा. मधला पट्टा तेवढा मिसळीचा. म्हणजे 'संकर झाला की जात एक' हा शाळेतला नियम खऱ्या डोंगरावर चालत नाही. किती होतो, कुठपर्यंत पसरतो, दोन्ही टोकं शाबूत राहतात का, हे बघावं लागतं.

एवढ्या लांब कशाला, अंगणातलं उदाहरण घ्या. आपला लालबुड्या बुलबुल, जो नागपुरात कढीपत्त्याच्या झाडावरसुद्धा घरटं करतो, तो वायव्येकडे पांढऱ्या कानाच्या बुलबुलाशी संकर करतो. अशा पिल्लांचं बूड लालही नाही आणि पिवळंही नाही, मधलंच काहीतरी नारिंगी-गुलाबी. १९५९ मध्ये चार्ल्स सिब्ली आणि लेस्टर शॉर्ट यांनी या भारतीय बुलबुलांच्या संकरावर 'आयबिस'मध्ये लेख लिहिला. तरी दोन्ही बुलबुल आजही दोन जाती आहेत आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

सिब्लीचं नाव निघालंच आहे तर एक आडवळण. हा माणूस आयुष्यभर 'हायब्रिडायझेशन' या एकाच शब्दाच्या दोन अर्थांवर जगला. तरुणपणी पक्ष्यांचा संकर आणि उतारवयात डीएनएचा. जॉन आल्क्विस्टबरोबर त्यानं दोन वेगळ्या पक्ष्यांचे डीएनए तापवून, त्यांचे धागे सुटे करून एकमेकांशी जुळवले आणि ती जोडी पुन्हा किती तापमानाला सुटते ते मोजलं. पटकन सुटली तर नातं लांबचं, चिवट राहिली तर जवळचं. लग्न टिकण्यावरून पत्रिका ताडण्यासारखंच हे. १९९० मध्ये या कामाचं जाडजूड पुस्तक आलं. त्यातले बरेच निकाल पुढे बदलले, पण एक टिकला. ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचे हनीईटर आणि आपल्याकडचे शिंजीर यांचा जवळचा काही संबंध नाही. वाकडी चोच, मध चाटणारी जीभ हे दोघांनी आपापलं वेगवेगळं कमावलंय. लिनियसच्या काळी शिंजिरांना युरोपातल्या झाडाच्या सालीवर चढणाऱ्या पक्ष्यांबरोबर एकाच गणात टाकलं होतं, केवळ चोच बारीक आणि वाकडी म्हणून. दिसण्यावर किती भरवसा ठेवावा याला मर्यादा आहे ती अशी.

म्हणून मेलिडेक्टिसकडून आपल्या शिंजिराला नात्याचं काही मिळत नाही, पण परीक्षा कशी असते ते कळतं. आणि आपल्या लाल शिंजिराची अडचण ही की त्याची परीक्षा झालेलीच नाही. मधला मजलाच नाही.

का नाही, इथे नागपूर येतं. आमच्या उत्तरेला सातपुडा. शिवनी, छिंदवाडा, पचमढी, मेळघाट अशी ती डोंगरांची ओळ पूर्व-पश्चिम पडली आहे. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांना कोडं पडलं होतं की डोंगरी ओढ्यांतले काही मासे हिमालयाकडे आणि मलायाकडे आहेत आणि मग एकदम पश्चिम घाटात आहेत, ते मध्ये का नाहीत? त्यांचं उत्तर म्हणजे 'सातपुडा हायपोथेसिस'. एके काळी हवा जास्त ओली होती, सातपुड्यावर सलग दाट जंगल होतं आणि पूर्वेकडचे जीव त्या वाटेनं सह्याद्रीत पोचले. पुढे मधला भाग कोरडा झाला, वाट मोडली, टोकं उरली. १९४९ मध्ये सालिम अलींनी हीच कल्पना पक्ष्यांना लावून लेख लिहिला आणि सातपुड्याला पक्ष्यांचा 'हायवे' म्हटलं. त्याच वर्षी रिप्लींनीही दक्षिण भारत आणि श्रीलंकेत मागे राहून गेलेल्या पक्ष्यांवर लिहिलं. त्यांचा कल एकाहून जास्त वेळा झालेल्या स्थलांतराकडे होता.

होरांच्या कल्पनेवर नंतर पुष्कळ टीका झाली, विशेषतः माशांच्या बाबतीत. सगळेच जीव याच रस्त्यानं आले असं आता कुणी म्हणत नाही. पण मोडलेल्या वाटेच्या खुणा आम्हाला जवळच दिसतात. शेकरू घ्या, आपला राज्यप्राणी. भीमाशंकरला आहे आणि मग थेट मेळघाटात, पचमढीत आहे. मधल्या कोरड्या मुलखात नाही. त्याला झाडावरून झाडावर जायला सलग छत लागतं. ते तुटलं आणि तोही तुटला. लाल शिंजीर त्याच वाटेनं गेला असेल तर त्याचा पूर्वज कधीतरी आमच्या डोक्यावरून गेलाय. नागपूरच्या अजब बंगल्याशी, म्हणजे सेंट्रल म्युझियमशी, आयुष्यभर जोडलेल्या ई. ए. डी'अब्रू यांनी १९३५ मध्ये मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. असल्या जुन्या प्रांतिक याद्या कंटाळवाण्या दिसतात, पण 'मध्ये काय आहे' आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'मध्ये काय नाही' हे सांगायला दुसरं साधन नसतं.

बरं, मग २००५ मध्ये काय झालं? पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचं 'बर्ड्स ऑफ साउथ एशिया' आलं. ही रासमुसेन म्हणजे आपल्यासाठी मोठं नाव. शंभराहून जास्त वर्षं कुणी नीट न पाहिलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा शोधला, त्या तिघांतली ही एक. म्युझियममधल्या जुन्या कातड्या शेजारी शेजारी ठेवून बघणं ही तिची खासियत. त्या पुस्तकात विगोर्सिआय पुन्हा स्वतंत्र जात झाला. छातीवरच्या पिवळ्या रेषा, काळपट पोट, कानामागचा जांभळा डाग, मोठी चोच. एकेक फरक बारका, पण सगळे एकाच दिशेला. पुढे जागतिक याद्यांनीही ते मानलं. सिपाराजाचे फिलिपिन्समधले भाऊबंदही असेच वेगळे काढले गेले. ज्यांनी घाटात हा पक्षी आधीच पाहिलेला होता त्यांच्या यादीत घरबसल्या एक जात वाढली. पक्षीमित्रांत याहून सुखाचा क्षण नाही. :)

यावर लगेच कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी मर्जीच ना? एकाला वाटलं एक, दुसऱ्याला वाटलं दोन. तसं वाटू नये म्हणून २०१० मध्ये जोसेफ टोबायस आणि सहकाऱ्यांनी गुणांची पद्धत आणली. प्रत्येक फरकाला गुण. किरकोळ एक, मध्यम दोन, मोठा तीन, अगदीच अफाट असेल तर चार. बेरीज सात झाली की जात वेगळी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अप्रेझल फॉर्म आठवला आणि हसू आलं. सातच का? साडेसहावाल्यानं काय घोडं मारलंय?

पण आत शिरल्यावर त्यातली हुशारी कळते. हा सातचा आकडा हवेतून काढलेला नाही. जे पक्षी प्रत्यक्ष एकत्र किंवा सीमेला सीमा लावून राहतात आणि तरीही वेगळे टिकतात, अशा जोड्यांमध्ये साधारण किती फरक असतो, ते मोजून हा उंबरठा ठरवला. जे भेटले त्यांच्यावरून, न भेटलेल्यांचा अंदाज. मायरच्या 'संभाव्य' या शब्दाला निदान एक मोजपट्टी मिळाली. ती परिपूर्ण नाही. पिसाऱ्यातला फरक आणि प्रजननातला अडसर एकच नव्हेत, हे मेलिडेक्टिसनं आधीच दाखवलंय. तिथे दोन्ही जाती दिसायला चांगल्याच वेगळ्या आहेत आणि तरी मधल्या मजल्यावर जमतं. तरीसुद्धा 'मला वाटतं' यापेक्षा 'हे असं मोजलं' हे बरं. साइक्सलाही पटलं असतं.

माझं मत विचाराल तर वेगळा ठेवण्याच्या बाजूनं. आणि त्याचं कारण शुद्ध शास्त्रीय नाही हे उघड सांगतो. धोक्यातल्या पक्ष्यांची जागतिक यादी जातींची असते, उपजातींची नाही. लाल शिंजीर सिपाराजाच्या पोटात असताना तो सह्याद्रीतून समजा पूर्ण नाहीसा झाला असता, तरी यादीत काय दिसलं असतं? 'आशियाभर मुबलक, चिंता नाही.' कारण सिंगापूरच्या बागेत तो आहेच ना! आज तो स्वतःच्या नावानं यादीत आहे. शेराही 'लीस्ट कन्सर्न' असाच आहे, म्हणजे सध्या धोका नाही. पण उद्या घाटातली जंगलं तुटली तर तो शेरा बदलायची सोय तरी आहे. डांगच्या आसपासपासून नीलगिरीपर्यंतची पट्टी, एवढंच त्याचं जग.

हे काल्पनिक नाही हे बघायचं तर सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला चला. तिथे उंच डोंगरमाथ्यांवर राहणारे शोलाकिळी आणि लाफिंगथ्रश हे पक्षी वर्षानुवर्षं दूरच्या नातलगांच्या गणांत ठेवले होते. २०१७ मध्ये व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासून दाखवलं की हे लाखो वर्षं वेगळे पडलेले, इथेच घडलेले वंश आहेत. त्यांच्यासाठी शोलिकोला आणि मॉन्टेसिंक्ला असे दोन नवे गणच करावे लागले. मधल्या दऱ्यांनी तोडलेल्या एकेका डोंगरगटावर वेगळी जात. यांतल्या पळणी डोंगराच्या लाफिंगथ्रशचं नाव आहे फेअरबँकी, १८६९ मध्ये ब्लॅनफर्डनं दिलेलं. हे सॅम्युअल फेअरबँक म्हणजे अहमदनगर जिल्ह्यात (आताचं अहिल्यानगर) वडाळ्याला राहणारे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. दिवसा प्रवचन, फावल्या वेळात पक्षी. नगरच्या माणसाचं नाव तमिळनाडूच्या डोंगरावरच्या पक्ष्याला, हे किती जणांना माहीत असेल?

लाल शिंजिराच्या बाबतीत एक गोष्ट मला खटकते. फरकांची यादी जवळजवळ सगळी नरांच्या पिसाऱ्याची आहे. जोडीदार निवडते मादी. पूर्वेची मादी आणि पिवळ्या रेषांचा पश्चिमेचा नर समोरासमोर आले तर ती त्या रेषांकडे ढुंकून बघेल का, की तिला गाणं महत्त्वाचं वाटेल, हे पिसाऱ्याच्या मोजपट्टीवर दिसत नाही. ते कळायला दोघं एका झाडावर यायला हवेत.

आणि ते अगदीच अशक्य आहे असंही नाही. पक्षी नकाशे वाचत नाहीत, भटकतात. तेव्हा विदर्भातल्या मंडळींना एक विनंती. फेब्रुवारी-मार्चमध्ये मेळघाटात किंवा पेंचकडे पळसावर, बांडगुळाच्या फुलांवर जांभळ्या शिंजिरांच्या गर्दीत एखादा लालभडक दिसला, तर फोटो पाठीचा काढू नका, समोरून काढा. छाती नीट यायला हवी. पिवळ्या रेषा असतील तर तो पश्चिमेकडून आलाय. नसतील तर पूर्वेकडून. आणि अर्धवट असतील, तर मात्र तारीख, वेळ, झाड सगळं लिहून ठेवा आणि आधी मला फोन करा.